मुलगी जॉर्जियाला चालली आहे. तिथे ती कोण म्हणून राहील?

कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यातून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, तीन एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगी नीटमध्ये पात्र ठरली, पण सरकारी कॉलेज लागलं नाही आणि इथल्या खासगीची फी ऐकूनच ते परत फिरले. आता जॉर्जिया या देशात एमबीबीएसला पाठवायचं जवळजवळ ठरलंय. त्यांचे शब्द असे: "तो सगळा ख्रिश्चन मुलूख. माझी पोरगी दहावीपासून बुरखा घेते. आता म्हणते, अब्बा, तिथे मी बुरखा नाही घेणार, ओढणी घेईन. तिची अम्मी रडते. मोहल्ल्यातले म्हणतात, सहा वर्षांनी पोरगी ओळखू येणार नाही. तुम्ही इतक्या मुली पाठवल्या. खरं सांगा, मुलगी बदलते का?"

भाई, आधी सरळ उत्तर देते. बदलते. अठराव्या वर्षी घरातून निघालेली मुलगी चोविसाव्या वर्षी तशीच्या तशी परत येत नाही, मग ती जॉर्जियाच्या राजधानीत तिबिलिसीला जावो की नागपूरला. तुमच्या मनातला खरा प्रश्न वेगळा आहे: ती आपली राहील का? त्याचं उत्तर तिथल्या चर्चपेक्षा तुमच्या घरातल्या बोलण्यावर जास्त अवलंबून आहे. घराला दुरावलेल्या चार-पाच मुली आज माझ्या डोळ्यांपुढे आहेत. त्यांतल्या एकीलाही कुणी ख्रिस्ती केलं नाही. घरी खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून त्या हळूहळू फोन कमी करत गेल्या.

मी कोण ते सांगते, म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते कळेल. २९ वर्षं मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं. २०१२ पासून परदेशात मेडिकलला जाणाऱ्या मुलींचे कागद, बँक, घरच्यांची समजूत ही कामं करते. मुली मला आपा म्हणतात. सातवीपर्यंत मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत होते, पुढे मराठीत शिकले. आणि १९८७-८८ साली बी.एड.ला नागपुरात होते तेव्हा वर्षभर नन्सच्या होस्टेलवर राहिले.

तिथे चाळीसेक मुलींत आम्ही दोघीच मुसलमान. संध्याकाळी सहाला चॅपेलची घंटा व्हायची आणि ज्याने त्याने असेल तिथे गप्प उभं राहायचं. पहिले काही दिवस मी मनात कलमा म्हणत उभी राहायचे. त्यांची प्रार्थना कानावाटे आत शिरेल, अशी काहीतरी भीती होती. मग परीक्षेच्या तोंडावर रमजान आला, एप्रिलचा, नागपूरच्या उन्हातला. मेस सकाळी सातला उघडायची, म्हणून सहरीला, रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, मी खजूर आणि पाण्यावर भागवत होते. तिसऱ्या रात्री दाराबाहेर झाकलेलं ताट दिसलं. दोन पोळ्या, उकडलेलं अंडं, थर्मासमध्ये चहा. मी हात लावला नाही. का ठेवलं असेल, यात काय असेल, असले विचार. त्याच्या पुढच्या रात्री साडेतीनला दार वाजलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या केरळच्या सिस्टर ताट घेऊन उभ्या होत्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "हम भी चालीस दिन रखता है. खाली पेट पढ़ाई नहीं होता." आणि मी खाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. महिनाभर ते ताट येत राहिलं. त्यांनी मला कधी येशूचं एक अक्षर सांगितलं नाही. मी मुसलमान म्हणूनच त्या होस्टेलमधून बाहेर पडले, पण घंटा वाजली की आत जे आकसायचं ते आकसणं गेलं.

आता जॉर्जियाचं. तो मुलूख सगळा ख्रिश्चन आहे हे तितकंसं खरं नाही. २०१४ ला देशाची लोकसंख्या साधारण ३७ लाख होती, म्हणजे आपले यवतमाळ आणि वाशीम हे दोन जिल्हे मिळून २०११ ला जेवढी माणसं होती त्याहून थोडी कमी. २०१४ च्या तिथल्या जनगणनेत ८३ टक्के लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते आणि मुसलमान होते १०.७ टक्के. महाराष्ट्रात २०११ ला आपण साडेअकरा टक्के होतो. म्हणजे तुमची मुलगी इथे जेवढ्यांतली एक आहे, जवळजवळ तेवढ्यांतलीच एक तिथे असेल. अल्पसंख्य म्हणून कसं राहायचं ते तिला कुणी शिकवायची गरज नाही. दुकानात मराठी, घरात उर्दू, मैत्रिणींत वऱ्हाडी, असं ती जन्मापासून राहत आलीय.

तिथले मुसलमानही बाहेरून आलेले नाहीत. काळ्या समुद्राकाठचं बातुमी शहर १८७८ पर्यंत तुर्कांच्या राज्यात होतं, त्या भागातल्या अनेक जॉर्जियन घरांत आजही नमाज आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेला अझरबैजानी शेतकऱ्यांची गावंच्या गावं आहेत. तिबिलिसीच्या जुन्या शहरात गरम पाण्याच्या हमामांच्या वर एक विटांची मशीद आहे. १९५१ मध्ये सोविएत सरकारने शियांची मशीद पाडली, तेव्हापासून शिया आणि सुन्नी या एकाच मशिदीत नमाज पढतात. आपल्या कितीतरी खेड्यांत बायकांनी मशीद बाहेरूनच पाहिलेली असते. मुली तिथे जाऊन आल्या की मला आवर्जून फोन करतात.

चर्चचा जोर मोठा आहे, हेही लपवत नाही. त्यांच्या राज्यघटनेतच ऑर्थोडॉक्स चर्चला खास स्थान दिलंय. बस चर्चसमोरून जाते तेव्हा म्हाताऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत कितीतरी जण छातीवर तीनदा क्रूसाची खूण करतात. नाताळ ७ जानेवारीला असतो, २५ डिसेंबरला नाही. आणि ईदची सरकारी सुट्टी नसते. ईदला प्रॅक्टिकल असेल तर ते करून, संध्याकाळी शीरखुर्मा करावा लागेल. हे आधीच माहीत असलं की त्या दिवशी फोनवर रडारड होत नाही.

२०१९ च्या एप्रिलअखेर मी ११ दिवस तिबिलिसीला होते. त्यांचा ईस्टर त्याच दिवसांत आला. माझ्याबरोबर पुसदकडची एक मुलगी होती, तिसऱ्या वर्षाची, डोक्यावर ओढणी घट्ट घेणारी. आणि तिच्या दोन रूममेट, दोघी हिंदू. जुन्या शहरातलं एक चर्च पाहायला गेलो. दारात एका टोपलीत रंगीत रुमालांचा ढीग होता, कारण तिथे बायका चर्चमध्ये डोकं झाकूनच जातात. दाराशी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसलेली. तिने रूममेटना थांबवलं, टोपलीतून एकेक रुमाल दिला, गाठ कशी मारायची ते हाताने दाखवलं. मग आमच्या मुलीकडे पाहिलं, ओढणीचं टोक जरा पुढे ओढून नीट केलं, गालावर हात ठेवला आणि आत जा म्हणून खूण केली. बाहेर आल्यावर मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपा, ओढणी बघून मेरेकू पहिली बार कोई अंदर लिया."

त्याच आठवड्यात लोक कबरस्तानात जाताना पाहिले. हातात लाल रंगवलेली अंडी, गोड पाव, वाईन. कबरीवर अंडं ठेवून गेलेल्यांशी बोलतात. आमची शब-ए-बरात, गेलेल्यांच्या कबरीवर जायची रात्र, आठवडाभरापूर्वीच झाली होती. ती मुलगी म्हणाली, अब्बा या वेळी दादाच्या कबरीवर एकटेच गेले असतील. बस, एवढंच. मला वाटतं, त्या देशाचा धर्म तिला त्या संध्याकाळी जेवढा कळला, तेवढा पुस्तकातून कळला नसता.

आता ज्या गोष्टीची तुम्हाला भीती नाही, पण असायला हवी, त्याबद्दल. मुलगी राहील ख्रिस्ती देशात, पण तिचा रोजचा समाज तो नसेल. वर्गात, फ्लॅटमध्ये, मेसमध्ये तिच्या अवतीभवती आपलेच लोक असतील. केरळ, राजस्थान, तेलंगण, महाराष्ट्र. आणि मी ऐकलेल्या दुखऱ्या गोष्टींपैकी बहुतेक तिथूनच आलेल्या आहेत. एका मुलीला पुण्याकडची वर्गमैत्रीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, तुझं मराठी किती छान आहे! कुठे शिकलीस?" ती मुलगी मानोऱ्याची. तिचे आजोबा मनीआर होते, गावोगाव बांगड्या भरत फिरायचे, पोळ्याला बैलांच्या झुलींची तारीफ करायचे. ती मला म्हणाली, "आपा, परदेशात गेल्यावर मले सिद्ध करा लागलं का मी मराठी आहो." वर्गमैत्रिणीच्या मनात वाईट नव्हतं, हे तिलाही कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. मी तिला सांगितलं, रागावू नको, पण हसूनही सोडू नको. सरळ सांग: हीच माझी भाषा आहे, शिकायला कुठे जाणार? त्या दोघी पुढे चार वर्षं एकाच खोलीत राहिल्या.

याच अनुभवाची दुसरी बाजू आपल्याच धर्माच्या मुलामुलींकडून येते. तिबिलिसीत इराण, इराक, जॉर्डन, नायजेरिया इथले विद्यार्थी भेटतात. त्यांतलं कुणीतरी एक दिवस तुमच्या मुलीला म्हणणार की तुम्हा हिंदुस्तानींचा इस्लाम कच्चा. तुम्हाला अरबी बोलता येत नाही, तुम्ही दर्ग्यावर जाता, तुमच्या लग्नात हळद लागते. मंगरुळपीरच्या उरुसात बापाच्या खांद्यावर बसून फिरलेली मुलगी हे ऐकते आणि गांगरते. ख्रिस्ती लोकांपुढे ती टिकते, कारण तिथे आपण वेगळे हे आधीच माहीत असतं. आपल्यांनी बोट ठेवलं की पायाखालची जमीन सरकते. म्हणून जाण्याआधी तिला घरातलं सांगा. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांना भोसले राजांनी आपल्या वाड्यात आणून ठेवलं, आजही ताजबागेत हिंदू-मुसलमान दोघं चादर चढवतात, आपला इस्लाम या मातीत असा रुजला, हे तिला माहीत असू द्या. मग ती दर्ग्याला मानो वा न मानो, ते तिचं ती ठरवील. पण लाजणार नाही.

बुरख्याचं आता. तुमच्या घरात बुरखा कधी आला, हे तुमच्या अम्मीला विचारून पाहा. माझी दादी कापूस वेचायला जायची, लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन. उन्हाळ्यात तोच पदर तोंडावर. पाच वक्ताची नमाजी बाई. घरात पहिला बुरखा आला तो माझ्या फुप्पीच्या लग्नात, सासर शहरातलं होतं म्हणून. आज माझ्या भाचीला वाटतं की बुरखा आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे. मी बुरख्याच्या विरोधात नाही, कितीतरी मुली तो मनापासून घेतात आणि त्यांना त्यात मोकळं वाटतं. मी एवढंच म्हणते की दीन म्हणजे धर्म काय मागतो, घरचा रिवाज काय आणि लोकांचा धाक काय, या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून मुलीच्या डोक्यावर देऊ नका. दीन तिचा आहे, तो ती घेऊन जाईल. रिवाज कुठला ठेवायचा, कुठला तिकडे चालणार नाही, हे तुम्ही तिघांनी बसून ठरवा. धाक मात्र इथेच राहू द्या, तो सहा वर्षं वाहण्यासारखा नाही.

हे का सांगते? २०१७ च्या उन्हाळ्यात एका मुलीला घ्यायला मी अकोला स्टेशनवर गेले होते. सुट्टीसाठी आली होती, मुंबईहून गाडीने. गाडी वेळेवर आली, मुलगी मात्र दिसेना. शेवटी बायकांच्या वेटिंग रूममध्ये सापडली. आरशासमोर घाईघाईने बुरखा चढवत होती आणि बटणं वरखाली लागली होती. मी काही न बोलता ती काढून नीट लावून दिली. तिचे हात थरथरत होते, कारण बाहेर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा. ती म्हणाली, "आपा, वहां मैं छुपके कुछ भी नहीं करती. यहां आके छुपना पडता." तिबिलिसीत ती ओढणी घ्यायची, नमाज सांभाळायची, रोजे पूर्ण करायची. घरी मात्र सांगून ठेवलं होतं की तिथेही बुरखाच आहे. एका खोट्याच्या पाठीमागे दुसरं लागलं: फोटो पाठवायचा नाही, व्हिडिओ कॉल उचलायचा नाही, मैत्रिणींना फोटोत टॅग करू द्यायचं नाही. चौथ्या वर्षी खोलीत गॅस गळून ती आजारी पडली, तेही घरी कळलं नाही. कारण दवाखान्यातून फोन केला असता तर डोक्यावर काय आहे ते दिसलं असतं.

भाई, तुमच्या मुलीने तुम्हाला जाण्याआधी तोंडावर सांगितलं की मी ओढणी घेईन. मी इतकी वर्षं हे काम करते, असं सांगणाऱ्या मुली मोजक्याच. ही गोष्ट तिच्या अम्मीला समजावून सांगा. ती लपवू शकली असती.

काही बाबतींत मी मुलीकडूनही पक्कं ऐकून घेते. डॉक्टर व्हायचं तर परक्या पुरुषाच्या छातीला, पोटाला हात लावावा लागतो. पहिल्या वर्षी शवविच्छेदन असतं. ऑपरेशन थिएटरमध्ये कोपरापर्यंत हात उघडे ठेवून घासून धुवावे लागतात, तिथे कुणाची सवलत चालत नाही आणि चालूही नये, कारण टेबलावरच्या माणसाला जंतुसंसर्ग होतो. डोकं थिएटरच्या टोपीत झाकलेलंच असतं, ती अडचण नाही. ज्या घराला हात लावण्याचीच अडचण वाटते, त्यांना मी स्पष्ट सांगते: पैसे वाया घालवू नका, तिला दुसरं काही शिकवा. अर्ध्या मनाने पाठवलेली मुलगी तिथे रोज दोन घरांचं भांडण एकटी भांडते.

नमाजचं व्यवहारात बसतं. हिवाळ्यात दिवस लहान, जोहर आणि असर या दुपारच्या दोन्ही नमाजा वर्गाच्या तासांच्या मध्येच येतात. रिकामी खोली विचारावी लागते, बहुतेक वेळा मिळते. खरी भांडणं होतात ती वजूवरून, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्यावरून. बेसिनमध्ये पाय धुतला की फरशी ओली होते, रूममेट चिडतात, घरमालकीण ओरडते. चामड्याचे मोजे न्या. वजू करून मोजे घातले की मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो, म्हणजे ओला हात फिरवता येतो, पाय उघडावे लागत नाहीत. आपल्या हनफी पंथाच्या मुलींना हे घरी कुणी सांगितलेलंच नसतं, कारण वऱ्हाडात त्याची गरज पडत नाही. तिथे जानेवारीत बर्फाळ पाण्यात पाय धुवावा लागला की आठवतं. जाण्याआधी एकदा आपल्या मौलाना साहेबांकडून नीट समजून घ्यायला सांगा.

खाण्याचं असं, की 'घोरी' हा जॉर्जियन शब्द तिने विमानात बसायच्या आधी पाठ करावा. डुकराला घोरी म्हणतात. खिंकाली नावाचा त्यांचा पदार्थ चुण्या घातलेल्या मोदकासारखा दिसतो, आतल्या खिम्यात बहुधा गाय आणि डुक्कर एकत्र असतं. त्याउलट लोबियो म्हणजे आपल्या राजम्यासारखी घट्ट उसळ, आणि तीच भरलेली रोटी म्हणजे लोबियानी. ईस्टरआधीच्या उपासात ऑर्थोडॉक्स लोक मांस, दूध, अंडी काहीच खात नाहीत, त्या दिवसांत हॉटेलांत उपासाचं वेगळं जेवण मिळतं. मुसलमान आणि शाकाहारी, दोघींची सोय एकाच ताटात होते. दावतीला बोलावलं तर टेबलाचा म्होरक्या एकामागून एक शुभेच्छा देतो आणि प्रत्येक वेळी वाईन उचलतात. सरबताचा पेला उचलला तरी चालतं, फक्त आधी सांगायचं. न सांगता पेला तसाच ठेवला की यजमानाला अपमान वाटतो. आमच्या मुली पहिल्या वर्षी असल्या बोलावण्यांना जातच नाहीत, आणि मग तक्रार करतात की इथले लोक मिसळत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, हे मी प्रत्येक मुलीला सांगते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा लोकांची हीच भीती होती. त्याआधी त्यांच्या नवऱ्याने मदतीसाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तर उत्तराचा सूर असा की आधी ख्रिस्ती व्हा. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजात, बंगालमधल्या, अठरा वर्षांच्याही न झालेल्या त्या मुलीने भरसभेत सांगितलं की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणून परत येईन. आणि आल्या. फिलाडेल्फियाच्या ज्या मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या, तिथला १८८५ चा एक फोटो आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाहून आलेल्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मी तो मोठा करून भिंतीवर लावलाय. आनंदीबाईंच्याच नात्यातल्या पंडिता रमाबाईंनी मात्र त्याच १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, आणि १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. नात्यातल्याच दोघींनी आपापला विचार केला आणि एकमेकींचा हात सोडला नाही. दुसरी गोष्ट सांगितली की आईबाप जरा अस्वस्थ होतात. तरी सांगते, अर्धी गोष्ट सांगून मुलीला फसवणं मला जमत नाही.

एक गोष्ट मात्र आनंदीबाईंपासून घेऊ नये असं मला वाटतं. सगळ्या देशाची अब्रू एका मुलीच्या खांद्यावर टाकली गेली, थंडीत, आजारपणात, आणि बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत ती गेली. तुमच्या मुलीला कौमची प्रतिनिधी करून पाठवू नका. तिथे तिला लोक विचारतील: हिंदुस्तानात मुसलमान असतात? तुझं लग्न ठरलंय का? तुला हे डोक्यावर कुणी घालायला लावलं? दहापैकी आठ वेळा तिने उत्तर द्यावं, दोनदा सांगावं की आज मी दमलेय. तिला परीक्षेत नापास होण्याचा हक्क असू द्या, वर्गातल्या इतरांना असतो तसा.

यातच पैशाचं येतं. तीनपैकी दोन एकर विकायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. नका विकू. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, बँकेचं आहे, त्याची आधी खटपट करू. जमीन विकून गेलेली मुलगी तिथे काही बिनसलं तरी घरी बोलत नाही. प्रत्येक वेळी तिला ते विकलेलं वावर दिसतं. वेटिंग रूममधल्या त्या मुलीच्या बापानेही शेत विकलं होतं.

आणि एजंटच्या शब्दावर कागद करू नका. 'हलाल मेस, मुलींचं स्वतंत्र मुस्लिम होस्टेल' असं सांगून पाठवलेल्या एका मुलीला आठ जणांच्या फ्लॅटमधला पलंग मिळाला होता. त्यापेक्षा मोठं म्हणजे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम: शिक्षण इंग्रजीतून, किमान ५४ महिने, त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. परत आल्यावर लायसन्सची परीक्षा आणि इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातलं एक कमी पडलं तर डिग्री इथे चालत नाही. ज्या कॉलेजात जाणार त्याचा अभ्यासक्रम किती महिन्यांचा, ते लेखी मागवा.

पुढच्या रविवारी तिघंही या. अकोल्याला उतरून फोन करा, मी घरीच असते. नीटचं गुणपत्रक, पासपोर्ट आणि एजंटने दिलेले सगळे कागद आणा, त्याने 'गरज नाही' म्हटलेलेसुद्धा. बोलायला बसलो की आधी मुलगी बोलेल, मग तिची अम्मी, मग तुम्ही. चामड्याचे मोजे विकत घेऊ नका. पुसदच्या त्या मुलीने परत आल्यावर तिचे माझ्याकडे ठेवलेत, पुढच्या मुलीसाठी. मापाचं मात्र पाहावं लागेल.